उभ्याने विसावा

आमच्या समृद्धीला एक वाईट खोड आहे. समोरचं माणूस ‘हो’ म्हणालं की तिला ते खरं वाटतं, आणि खरं वाटलं की ती ते लिहून घेते. एकदा तिच्या वहीत उतरलं की मग देव खाली आला तरी खोडाखोड नाही. आमटी कशी झालीय असं ती पाहुण्यांना विचारते, पाहुणे ‘छान’ म्हणतात, आणि पुढच्या पाहुण्यांना ती तश्शीच आमटी करते. आधीच्यांच्या वाट्या भरलेल्या परत आल्या होत्या, तिकडे तिचं लक्ष नसतं.

सून आहे माझी, वाईट नाही. ठाण्याची मुलगी, सोळा वर्षं शिकलेली, आणि माझ्या नीलेशची बदली जव्हारला झाली तेव्हा नाक न मुरडता त्याच्याबरोबर आली. हे मी तिच्या बाजूने आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तिच्या बाजूने सांगण्यासारखं फार नाही.

माझ्या बाजूनेही फार नाही. पण ते येईल तेव्हा येईल.

जव्हारच्या बाजाराच्या रस्त्याला आमचं शिवणाचं दुकान आहे. आमचे हे कापड फाडून देतात, मी बेतते आणि शिवते. चौथीपर्यंत शाळेत गेले, त्यानंतर मशीनवर बसले ती अजून उठलेली नाही. गिऱ्हाईक निम्मं गावातलं, निम्मं पाड्यांवरचं. गावातली बाई ब्लाउज घेताना आरशासमोर तीनदा वळते आणि चार चुका काढते. पाड्यावरची बाई घालते, ‘बरा हाय बाय’ म्हणते आणि जाते. पुढच्या खेपेला आली की मी तिच्या काखेत बघते. तिथे दोन बोटं टीप उसवलेली असते आणि वर हाताने घातलेले टाके. म्हणजे घट्ट होता. पण सांगणार नाही. आपल्यासाठी कुणी काही केलं, त्याला नाव ठेवणं त्यांच्यात बसत नाही. म्हणून मी त्यांना विचारतच नाही. नवा ब्लाउज अंगात गेला की म्हणते, “ती वरच्या फळीवरची बटणांची बरणी काढून दे गं जरा.” हात वर गेला की कुठे ओढतंय ते मला दिसतं.

हे मी कुणाला शिकवलं नाही. कुणी विचारलंही नाही.

दाभोशाच्या पाड्यावरची पोशी माझ्याकडे तीस वर्षं येते. तिची सून सुनिता. दर वर्षी दिवाळी झाली की सुनिता आणि तिचा नवरा कमलेश भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, आणि त्यांची मुलगी ममता त्यांच्याबरोबर. ममता आता दुसरीत आहे. पहिलीचं अर्धं वर्ष तिने ओल्या विटा उलटण्यात काढलं.

यंदा उन्हाळ्यात समृद्धीने बायकांसाठी डोंगरात चालायच्या सहली काढायचं ठरवलं. ठाण्या-नाशकाकडच्या बायका रविवारी येणार, त्यांना दाभोशाला न्यायचं, कातळावरून धबधब्याच्या पायथ्याशी उतरवायचं, नदीच्या कडेने फिरवून परत वर आणायचं. पुढे चालायला तिथल्याच बायका हव्यात. समृद्धी पाड्यावर एकटी गेली असती तर तिला कुणी पाणीही विचारलं नसतं. मी पोशीला माझ्या ओट्यावर बसवलं आणि सांगितलं, “या वर्षी सुनिताला भट्टीवर पाठवू नको. माझ्या सुनेचं काम आहे. गणपतीनंतर सुरू होईल ते शिमग्यापर्यंत चालेल. पोर शाळेत राहील.”

पोशी उकिडवी बसली होती. तशीच बसून तंबाखू मळत राहिली. मग म्हणाली, “तू सांगतेस ना बाय, मग झालं.”

सुनिताचं काम टिकलं तर ममताची शाळा टिकणार होती, एवढा साधा मामला. तो एका पँटवर येऊन अडकेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं.

पँटचं खूळ समृद्धीचं. सुनिता साडी गुडघ्याच्या वर खोचून चालायची, आणि त्या कातळावर तिच्या मागून जाताना शेळ्यांनाही धाप लागावी. पण समृद्धी म्हणाली, साडी भिजली की पायात येते, कुठे पडली तर जबाबदारी माझी. शिवाय सुनिता आणि पाड्यावरच्या आणखी तिघी सुना, अशा चारही वाटाड्या बायका एकसारख्या दिसल्या पाहिजेत. पहिलं कारण मला पटलं. सुनितालाही पटलं. पँट म्हटल्यावर ती तोंडाला पदर लावून हसली आणि तिने एकच विचारलं, “खिसा आसंल ना?”

समृद्धीने नमुन्याला तीन पँट आणल्या. एक करडी, पातळ, ओढली की ताणणारी. एक हिरवी, तिला सात खिसे आणि गुडघ्याशी चेन. चेन उघडली की खालचा पाय सुटून हातात येतो. हे कशासाठी ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिसरी निळी, जाड सुती.

मी म्हटलं, “चौथी मी शिवते.”

“खरंच आई?” ती म्हणाली. खूश झाली, खोटं कशाला बोलू.

पोशी दुकानात आली होती, तिलाच मी माप द्यायला बसवलं. बसवलं म्हणजे बसवलंच. उभ्या बाईचं माप घेऊन काय करायचं, देवळात पाया पडायला जायचंय थोडंच. आधी भाताच्या आवणीला वाकते तसं वाकायला लावलं, मग उकिडवं बसायला, आणि कमरेपासून मागून खाली टेप फिरवली. उभी असताना आणि बसली असताना चार बोटांचा फरक आला. ते चार बोटं कापड कुठून तरी द्यावं लागतं. म्हणून आसनात, दोन्ही पाय जिथे जुळतात तिथे, मी शंकरपाळ्याच्या आकाराचा जोड घातला. खाकी कापड घेतलं, शाळेच्या गणवेशाचं, दणकट. कमरेला नेफ्यात इलॅस्टिक, वर नाडी, आणि हात मनगटापर्यंत जाईल असे दोन खिसे.

समृद्धीने चारही पँट स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवल्या.

“आई, तुमची करडीच्या दुप्पट भरली.”

“मग तिच्यात कापड आहे.”

मग तिने चारही बादलीत बुडवल्या, पिळल्या, दांडीवर घातल्या आणि मोबाईलवर वेळ लावून बसली. करडी चहा होईपर्यंत सुकली. हिरवी जेवणापर्यंत. माझी दिवेलागणीलाही नेफ्यात ओली होती. ते मी कबूल करते. आणि ते बघताना मी मनात जुळवलंसुद्धा: करडं कापड घ्यावं, त्याला माझा जोड घालावा, की झालं. जिभेवर आलं होतं. तेवढ्यात समृद्धी म्हणाली, “शिवण एक नंबर आहे आई. पण पायजमा वाटतो हो.” आणि हसली. नीलेशही हसला.

जव्हारच्या तीन पिढ्यांच्या नवऱ्या मी शिवलेल्या ब्लाउजात बोहल्यावर उभ्या राहिल्या. पायजमा म्हटल्यावर मी खाकी पँट दांडीवरून काढली, ओलीच घडी केली, कपाटात ठेवली, आणि जिभेवर आलेलं गिळून टाकलं.

पहिली चाचणी शिरपामाळला झाली. समृद्धी आणि तिची एक ठाण्याची मैत्रीण पँट घालून गेल्या, माळावर तासभर चालल्या, वारा खाल्ला, फोटो काढले आणि आल्या. शिरपामाळला मी साडी नेसून, साध्या चपलेवर जाऊन येते. तिथे पँट कसली तपासायची? तरी हिरवी तिथेच बाद झाली. मैत्रिणीला चेन घासली, तिने घरी येईपर्यंत तीनदा सांगितलं, आणि आल्यावर घासलेली जागा आम्हा सगळ्यांना दाखवली. निळी भिजली की घोंगडीसारखी जड होते, म्हणून ती गेली. राहिली करडी.

मग श्रावणात समृद्धी म्हणाली, आता खऱ्या वाटेवर, खऱ्या बायकांवर. एक तरुण, एक वयस्क. म्हणजे सुनिता आणि पोशी. मीही जीपमध्ये बसले. म्हटलं, बघू तरी.

पोशी घरामागून करडी पँट घालून बाहेर आली. वर तिचं नेहमीचं पोलकं, खांद्यावर टॉवेल. शेजारचा लहान्या म्हातारा कुडाला टेकून बसला होता. तो म्हणाला, “काय गं पोशे, पोलिसात लागलीस काय?”

“लागले,” पोशी म्हणाली. “पयला तुलाच धरणार हाय.”

सुनिता हसून हसून वाकली, आणि वाकताना मध्येच थांबून सरळ झाली. तेव्हा मी नीट पाहिलं नाही.

त्या तिघी खाली उतरल्या. मी वर झाडाखाली बसले. दोन तासांनी परत आल्या. समृद्धी धापा टाकत आली आणि दगडावर बसली. पोशी आणि सुनिता झाडाला टेकून उभ्या राहिल्या.

पोशीला मी तीस वर्षं बघते आहे. ही बाई उभ्याने विसावा घेत नाही. दुकानाच्या दारात, एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत, जिथे दोन मिनिटं मिळतील तिथे ती टाचा टेकून उकिडवी बसते आणि तशी अर्धा दिवस काढते. त्या दिवशी ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत बगळ्यासारखी उभी होती. सुनिता बसायला गेली, निम्म्यात मांडीवर हात दाबला, परत उठली आणि पाऊस कुठून येतोय ते बघितल्यासारखं केलं.

“बघितलंत आई?” समृद्धी मला म्हणाली. “मी बसले, आणि या अजून उभ्या आहेत. दमल्याच नाहीत.”

तिने वही काढली.

“काही घट्ट वाटतं का?”

“नाय म्याडम,” पोशी म्हणाली.

“कुठे घासतं, टोचतं?”

“नाय.”

“सुनिता, पाय नीट उचलता येतो?”

“येतो ना.”

“पाचपैकी किती मार्क द्याल?”

पोशीने माझ्याकडे बघितलं. मग समृद्धीकडे बघून म्हणाली, “पाचच हायेत?”

समृद्धी हसली आणि दोघींच्या नावापुढे पाच पाच लिहिले.

पोशीने माझ्याकडे उगाच बघितलं नव्हतं. मी एवढंच म्हणायचं होतं, ‘पोशी, बस जरा.’ दोन शब्द पुरे होते. तिला काही सांगावं लागलं नसतं, मला काही सांगावं लागलं नसतं, समृद्धीला डोळ्यांनी दिसलं असतं. पण मी गप्प राहिले. वाटलं, घेऊ दे. पायजमा नको ना तुला, मग घे ही. चार दिवसांत परत माझ्याच दारात येईल, तेव्हा बघू.

सुनिता धरून चौघी वाटाड्यांच्या करड्या पँट आल्या, मांडीवर सहलीचं नाव छापलेलं. सुनिता तिची पँट घेऊन गेली तेव्हा खिशात हात घालून चालत गेली.

गणपती झाले. रविवारी पहिली सहल, आणि शनिवारी दुपारी सुनिता दुकानात आली. पिशवीतून पँट काढली, माझ्या मशीनवर ठेवली आणि मान खाली घालून म्हणाली, “बाय, ही जरा सैल करून दे. बसाया येत नाय. वर पाय टाकाया गेलं का अडकतं.”

पाड्यावरची बाई तोंडाने ‘घट्ट आहे’ म्हणते, हे मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. केवढी घट्ट असेल ते त्यावरून समजावं. दाभोशाहून जीप बदलून ती तेवढ्यासाठी आली होती.

मी विचारलं, “समृद्धीला सांगितलंस?”

“त्यांना कसं सांगू? पाच मार्क दिलेत.”

“मग मी कसा हात लावू? तिची वस्तू आहे, तिच्या परीक्षेत पास झालेली. मी शिवली होती ती काही कुणाला पसंत पडली नाही. तू तिलाच विचार.”

हे असंच म्हणाले मी. आमचे हे पलीकडे कापड फाडत होते, त्यांची कात्री थांबली. सुनिता आधी हसली. तिला वाटलं असावं मी थट्टा करते आहे. मग “बरं बाय” म्हणाली, ज्या घड्या होत्या त्याच घड्यांवर पँट परत घातली आणि गेली. तेवढा जोड घालायला मला वीस मिनिटं लागली असती. करड्या कापडाचा तुकडाही होता, कपाटात वरच.

रविवारी काय झालं ते मला समृद्धीने रात्रीच्या जेवणाला सांगितलं, आणि तिने ते स्वतःवर झालेला अन्याय म्हणून सांगितलं.

“आई, तिने काय केलं माहीत आहे? आतली पूर्ण टीप ब्लेडने उसवली होती. आणि वरून गोणीच्या दोऱ्याने टाके घातले होते. नव्या पँटला.”

“मग?”

“मग काय. खाली उतरताना ती मधली उंच पायरी आहे ना, परत येताना तिथे गुडघा छातीला लावावा लागतो. तिने पाय वर टाकला आणि फाटली, पार मागपर्यंत. मागे चौदा बायका. एक तर व्हिडिओ काढत होती.”

“तू काय केलंस?”

“मी विचारलं तिला, सुनिता, तू पँट कापलीस का? सगळ्यांना कळायला नको का, आमची वस्तू खराब नव्हती म्हणून?”

“मग ती?”

“खडकावर बसली. पाच मिनिटं उठेचना. दोघीतिघी हसल्या मागे. मग डोक्याचा टॉवेल सोडला, कमरेला गुंडाळला आणि चालायला लागली.”

“तुम्हाला वर आणलं?”

“आणलं ना. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.” समृद्धीने भाकरी मोडली. “पण जीपपाशी मी सांगितलं तिला, पुढच्या रविवारपासून येऊ नको. जी बाई विचारल्यावर एक सांगते आणि घरी जाऊन दुसरं करते, तिच्या मागे मी लोकांना कसं चालवू?”

“बरोबर आहे,” नीलेश म्हणाला. “आधी सांगायचं ना तिने.”

“तुझ्या अंगावर जाकीट होतं ना?” मी समृद्धीला विचारलं.

“हो. का?”

“काही नाही.”

चाळीस वर्षांत मला एकदाही उलट न बोललेल्या आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या ताटात भात वाढला, त्यांना नको असताना.

मी दुसऱ्या दिवशी दाभोशाला जाणार होते. मग नवरात्र आलं, ब्लाउजांचे ढीग पडले. मग दिवाळी आली. सणाचं शिवण होतं हे खरं, पण न जाण्याचं कारण ते नव्हतं. तिथे जाऊन पोशीला तोंड दाखवायचं तर आधी घरात सांगावं लागलं असतं की शनिवारी ती माझ्याकडे आली होती. जी माझ्या शिवणाला हसली, तिच्यापुढे मी मान खाली घालायची? रोज वाटायचं, उद्या. असे दोन महिने गेले, आणि दर रविवारी समृद्धी उरलेल्या तिघींना घेऊन सहल काढत राहिली.

भाऊबीज होऊन आठवडा झाला आणि मी मोखाड्याच्या बाजाराला परकर आणि झबली घेऊन बसले. वर्षातून चारपाच वेळा बसते. दुपारी पोशी आली. तिचं माहेर मोखाड्याच्या बाजूला. माझ्या पथारीसमोर उकिडवी बसली.

“कधी आलीस?”

“काल. भावाकडं.”

“सुनिता?”

“गेली.”

“कधी?”

“चार दिस झालं. ट्रक आला व्हता पाड्यावर.”

मी परकरांची थप्पी सरळ केली. ती सरळच होती. “ममताला ठेवलीस ना तुझ्याकडे?”

“कुठं ठेवू? मी दिसभर रानात. तीबी गेली.” मग तिने पिशवीतून करडी पँट काढली. धुतलेली, घडी घातलेली. “म्याडमना दे. सुनिताने परत शिवलीय. येक महिना लागला तिला, रोज थोडं थोडं.”

मी पँट उलटी करून बघितली. बारीक, एकसारखे टाके, फाटलेली कड आत मुडपलेली. माझ्या मशीनची टीप इतकी सरळ येत नाही. आणि होती तशी घट्ट शिवली होती, तसूभरही सैल नाही. जशी मिळाली तशी परत केली होती.

“पोशी,” मी म्हटलं, “ती शनिवारी माझ्याकडे आली होती. तुला सांगितलं तिने?”

“सांगितलं.”

“मग मला चार शिव्या तरी दे.”

“कशाला बाय?” पोशी म्हणाली. “पँट बरी व्हती. पोरीचंच चुकलं.”

ती बसून राहिली. दर वर्षी या बाजारात ती माझ्याकडून दोन परकर नेते, एक हिरवा, एक लाल. तिने हिरवा उचलला, नेफा बघितला, शिवण बघितली, ‘बरा हाय’ म्हणाली आणि परत थप्पीवर ठेवला. मग उठली आणि ‘येते’ म्हणून निघाली. पुढच्या तिसऱ्या पथारीवर मुंबईचे तयार परकर विकायला एक माणूस बसतो, कापड असं की तीन धुण्यांत विरतं. पोशी त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि रंग बघायला लागली. मी बाजार उठायच्या आधीच गाठोडं बांधलं.

घरी आले तेव्हा समृद्धी ओट्यावर उरलेल्या तिघींच्या पँट पसरून बसली होती. मी सुनिताची त्यांच्या शेजारी ठेवली.

“अरे वा, शिवून दिली?” ती म्हणाली. “आई, हे बघा. आज मी या तिन्ही उलट्या करून तपासल्या. तिघींनीही उसवल्यात. एकीने तर आतून फडक्याचा तुकडा लावलाय. म्हणजे पँटच चुकीची होती. बसताच येत नाही हो यांना तिच्यात.”

“हं.”

“तुमचा तो शंकरपाळ्यासारखा जोड घालून द्याल का चारही पँटना? आणि मी आता फॉर्म बदलणार आहे. ‘बसता येतं का’ असा वेगळा प्रश्नच घालते.” तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. “सुनिता भट्टीवर गेलीय म्हणे, तिला मेसेज टाकलाय कमलेशच्या नंबरवर, झालं गेलं विसर, जानेवारीपर्यंत या तिघी पुरतील, फेब्रुवारीत परत ये म्हणून. तिने अंगठा पाठवलाय. म्हणजे राग नाही तिच्या मनात.”

आमचे हे दारात उभे होते. नीलेश आत होता, तोही बाहेर आला, माझा चेहरा बघून आला असेल. मी गाठोडं खाली ठेवलं.

“जोड मी घालते,” मी म्हटलं. “आजच घालते. ते काम माझं होतं आणि मी ते केलं नाही. सहलीच्या आदल्या दिवशी सुनिता ही पँट घेऊन माझ्याकडे आली होती. मी तिला परत पाठवलं, कारण तू माझ्या शिवणाला पायजमा म्हणाली होतीस. आणि दाभोशाला झाडाखाली त्या दोघी का उभ्या होत्या, ते मला त्याच वेळी कळलं होतं. ते माझ्या माथ्यावर आहे, आणि राहील.”

“आई, मग तुम्ही मला आधी—”

“मध्ये बोलू नको. माझं सांगून झालं, आता तुझं ऐक. चौदा जणींपुढे एक बाई उघडी पडली आणि तू तिला विचारलंस, पँट कापलीस का. अंगावरचं जाकीट तुला काढावंसं वाटलं नाही. मी नव्हते तिथे, तू स्वतःच्या तोंडाने सांगितलंस, जेवता जेवता. तिने तसल्या अवस्थेत तुझी सगळी माणसं धड वर आणली, आणि तू तिला तिथल्या तिथे काढून टाकलंस. ममता आज भट्टीवर आहे, फेब्रुवारीत ती कुठल्या वर्गात बसणार आहे? तुला न कळल्यामुळे पँट चुकली, ते मी समजून घेते. बाकीचं तुला कळत होतं. पोशीने तुला दारात उभं केलं ते मी शब्द दिला म्हणून, आणि तो शब्द आपण दोघींनी मिळून संपवला. आता दाभोशाला जायचं तर जा, मी अडवत नाही. पण माझी, सुशीलाबायची सून म्हणून कुणाच्या अंगणात पाय ठेवू नको. तुझ्या नावावर जा, आणि बघ तुझ्यापुढे कोण चालतं.”